एका वाढणीत दोन चमचे

आमच्या कारखान्यात मला 'दोनचमचे' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्याकडे पाठीमागे बोललेलं तोंडावर पोचायला एका चहाच्या सुट्टीइतका वेळ लागतो, त्यामुळे मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. या नावाचा एक अर्थ मी जे केलं त्याच्याशी जोडलेला आहे आणि दुसरा, साहेबांपुढे मी जसा वागलो त्याच्याशी. माणसाला चमचा कधी म्हणतात ते सांगायला नको. दोन्ही अर्थ चपखल बसत असल्यामुळे मला तक्रारीला जागा नाही.

कारखाना गोठवलेल्या खाण्याचा. मटार, मक्याचे दाणे, गाजराचे तुकडे, आणि सगळ्यात जास्त खपणारं आमचं तोंडीलावणं, लसूण-लोणी मॅश. म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात दूध, लोणी, भाजलेला लसूण, मिरी आणि मीठ. चारशे ग्रॅमचा डबा, वर पातळ झाकण, झाकणावर वाफाळत्या बटाट्याचं चित्र. घरी नेऊन गरम करायचा आणि जेवणात बाजूला वाढायचा. मी तिथल्या तपासणीच्या खोलीत आहे. रोज सकाळी प्रत्येक घाण्यातला एकेक डबा माझ्या टेबलावर येतो. त्यात पाणी किती, स्निग्ध पदार्थ किती, मीठ किती, हे मी काढतो आणि वहीत लिहितो. डोक्यावर कागदी टोपी, अंगात पांढरा कोट, आणि कपड्यांना लसणाचा असा वास की कुठेही गेलो तरी शेजारच्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात.

अकरा वर्षं मी त्या बटाट्याबद्दल सगळं काही जाणून होतो. शंभर ग्रॅममध्ये एकशे अठरा कॅलरी, पाच पूर्णांक दोन दशांश ग्रॅम स्निग्ध पदार्थ, साडेतीनशे मिलिग्रॅम सोडियम. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. एकच गोष्ट मी कधी केली नव्हती. घरी स्वतःच्या हाताने एकही बटाटा उकडला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि माझा उंट तर पगारी होता.

झाकणावर पोषणाचा तक्ता छापायचा असा नियम आला तेव्हा तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. नियम इतकाच होता की एका वाढणीत काय काय आहे ते लिहा. वाढणी म्हणजे एका माणसाला एका वेळी वाढायचं तेवढं. ती केवढी असावी हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. मी सरळ माणसासारखा विचार केला. डबा दोघांत संपतो, म्हणजे वाढणी दोनशे ग्रॅम. तसा तक्ता करून साहेबांकडे नेला.

साहेबांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "दोनशे छत्तीस कॅलरी? सातशे सोडियम? अहो, हे वाचून माणूस डबा उचलेल की खाली ठेवेल?"

"लोणी आणि मीठ थोडं कमी केलं तर…" मी म्हणालो.

"तर चव जाईल. चव गेली तर आपण सगळेच जाऊ."

मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण साहेबांचा चेहरा पडलेला बघितला की मला राहवत नाही. ते लहानपणापासूनचं आहे. शाळेत गुरुजींचा खडू खाली पडला तरी मी पहिल्या बाकावरून झेपावायचो. मी म्हणालो, "साहेब, एक सुचवू? हे तोंडीलावणं आहे. तोंडीलावणं माणूस किती खातो? चवीपुरतं. दोन चमचे. पन्नास ग्रॅम."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं याआधी कधीच बघितलं नव्हतं. "म्हणजे डब्यात किती वाढण्या?"

"आठ."

"आणि आकडे?"

"एकोणसाठ कॅलरी. सोडियम एकशे पंचाहत्तर."

"वा!" साहेब म्हणाले. उठून त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या वर्षी 'कल्पक कर्मचारी' म्हणून मला काचेचा एक चषक मिळाला. माझी बायको शिवणकाम करते. ती त्यात टाचण्या ठेवते.

खोटं काहीच लिहिलं नव्हतं, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं. आठ वाढण्या हे शब्द झाकणावर होते. फक्त ते खालच्या कडेला, मुंगीने चालता चालता लिहिल्यासारख्या अक्षरांत होते. वर ठळक होता तो एकोणसाठचा आकडा.

पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्याच पोटापासून झाली. कारखान्यात चेपलेले डबे विकायला जात नाहीत, ते आम्हाला घरी न्यायला मिळतात. मी रोज एक नेत असे. संध्याकाळी घरी गेलो की हातपाय धुवायचे, डबा गरम करायचा आणि खिडकीशी बसून चमच्याने तळापर्यंत खरवडायचा. जेवण त्यानंतर. बायकोच्या गळ्यात कायम मापाची टेप असते, तिला वजनकाट्याची गरज पडत नाही. एकदा माझी पॅंट सैल करायला घेतली आणि शिवण उसवून म्हणाली, "अहो, आता आत कापडच उरलं नाही. दोन बोटं होतं, ते मागच्या वर्षी सोडलं."

"कापड आटलं असेल," मी म्हणालो.

"कापड आटतं तेव्हा लांबीलाही आटतं. ही फक्त पोटाशीच आटलीय?"

मग रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघून भुवया वर केल्या. "रोज काय खाता?"

"हलकंच. संध्याकाळी थोडा बटाटा."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे… वाढणीपुरता."

बायको शेजारीच होती. तिचं न बोलणं हे दुकानाच्या बंद दारासारखं असतं, आत हिशेब चालू असतो. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी बसलो तेव्हा तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. ताटलीत दोन चमचे मॅश. पन्नास ग्रॅम, काट्यावर तोलून. ताटलीच्या मधोमध तो असा बसला होता जसा मोठ्या सभागृहात चुकून लवकर आलेला पाहुणा.

"हे काय?"

"एक वाढणी. तुम्हीच लिहिलंय." तिने झाकण दाखवलं. कपड्यात अडकलेल्या टाचण्या शोधायला ती एक भिंग वापरते, ते खालच्या कडेवर धरून तिने मोठ्याने वाचलं. "डब्यात आठ वाढण्या."

"आणि उरलेला डबा?"

"उरलेल्या सात जणांची वाट बघतेय."

मी हसलो. खरंच हसलो. हा आमच्या घरचा विनोद झाला, पाहुण्यांना सांगायचा. मी स्वतः तो कारखान्यातही सांगितला, हात दाखवून अवलक्षण. 'दोनचमचे' हे नाव त्याच आठवड्यात पक्कं झालं. पण यात काही चुकलंय असं मला तेव्हाही वाटलं नाही. आपण लोकांना कसं सफाईने बनवलं आणि स्वतःच कसे सापडलो, एवढीच गंमत वाटली.

महिनाभराने फोन आला.

झाकणावर ग्राहकांसाठी एक नंबर छापलेला असतो. तो फोन माझ्या टेबलावर ठेवला होता, कारण तो वाजत नसे आणि माझ्या टेबलावर जागा होती. अकरा वर्षांत तो चारदा वाजला, त्यात दोनदा चुकून. त्या दिवशी मी एका नमुन्यातलं मीठ मोजत होतो.

"लसूण-लोणी मॅशचे तक्ते कोण लिहितं?" बाईंचा आवाज होता. म्हातारा, पण ताठ.

"मीच लिहितो."

"बरं झालं. मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तुम्हाला एक उदाहरण घालते, कागद घ्या."

आणि मी कागद घेतला. का घेतला ते मला आजही सांगता येत नाही.

"एका डब्यात चारशे ग्रॅम. एक माणूस दुपारी अर्धा खातो, रात्री अर्धा. झाकणावर लिहिलंय सोडियम एकशे पंचाहत्तर. त्याच्या बायकोला वाटलं, अर्धा डबा म्हणजे एक वाढणी. तिने दिवसाचं किती धरलं?"

"तीनशे पन्नास," मी म्हणालो.

"मिलिग्रॅम म्हणा, एकक सोडू नका. आणि पोटात किती गेलं?"

मी पेन्सिलीने गुणाकार केला. तो तोंडी येण्यासारखा होता, पण मी तो कागदावर केला. "चौदाशे मिलिग्रॅम."

"मीठ काढायला अडीचने गुणायचं. म्हणजे?"

"साडेतीन ग्रॅम."

"डॉक्टरांनी ह्यांना दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम सांगितलंय. मी एक ग्रॅमही धरत नव्हते, म्हणून बाकीच्या जेवणात मोकळ्या हाताने घालत होते. पाय सुजले. पायऱ्या चढताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, मीठ कुठून तरी जातंय, शोधा. सहा आठवडे शोधलं. काल शेजारच्या मुलीने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून दाखवला. आठ वाढण्या."

मी म्हणालो, "हो, ते… लिहिलेलं आहे खाली."

"लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या. "मी परीक्षेत मुलांना सांगायची, उत्तर बरोबर असून चालत नाही, समोरच्याला दिसलंही पाहिजे. आता शेवटचा प्रश्न. तुम्ही स्वतः एका वेळी किती खाता?"

समोर भांड्यातलं पाणी लालसर व्हायला लागताच नळीतले थेंब थांबवायचे असतात, ते कधीच पुढे गेलं होतं, तो नमुना वाया गेला. मी म्हणालो, "अख्खा डबा."

मग त्या म्हणाल्या, "निदान खरं बोललात," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मला बायकोचा विनोद सांगावासा वाटला नाही. घरी गेल्यावर मी तिला फोनची हकीकत सांगितली. ती एका झग्याला गोट लावत होती. मशीन न थांबवता तिने विचारलं, "मग भेटायला कधी जाताय?"

"भेटायला? भेटून काय करू?"

"ते मला काय विचारता? आठ वाढण्यांचं तुम्हाला सुचलं होतं ना? मग हेही सुचेल."

रविवारी गेलो. बाईंचा पत्ता मिळवायला त्यांना परत फोन करावा लागला, आणि 'कशाला येताय' असं त्यांनी विचारल्यावर 'माफी मागायला' असं तोंडातून गेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दारातच चपलांच्या बाजूला चार पायांची आधाराची काठी. बाई बुटक्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. काका खिडकीशी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला, गिळायलाही त्रास व्हायचा. कडक काही चालत नसे, पातळ दिलं तर ठसका लागे. मॅश तेवढा नीट उतरायचा, म्हणून रोज मॅश. पायांवर मोज्यांचे वळ उमटले होते.

मी वाक्य पाठ करून गेलो होतो. "काका, माझ्यामुळे तुम्हाला जो त्रास झाला…"

"तूच का तो?" त्यांचे शब्द जड, एकमेकांत अडकलेले, पण समजत होते. "मॅश… बंद करणारा?"

"बंद मी केला," बाई म्हणाल्या. "ह्यांनी फक्त तक्ता लिहिला."

"वर्षात एक चांगली गोष्ट होती," काका म्हणाले. "तीही गेली. तुझ्यामुळे."

म्हणजे सुजलेल्या पायांबद्दल त्यांना माझा काही राग नव्हता. राग होता तो बटाटा गेल्याचा. बाई आठ दिवस त्यांना बिनमिठाचा भाजीचा लगदा भरवत होत्या आणि ते तोंड मिटून घेत होते. एका आठवड्यात पायाची सूज थोडी उतरली, पण माणूसही उतरला. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हे हळू आवाजात सांगितलं, आणि माझ्यातला खडू उचलणारा मुलगा लगेच झेपावला. "बाई, काळजी करू नका. मी करून देतो. मीठ न घालता. अकरा वर्षं मी मॅशमध्येच आहे."

हे वाक्य आठवलं की मला अजूनही कानशिलं तापल्यासारखी वाटतात.

मी त्यांच्या ओट्याशी उभा राहिलो. बटाटे सोलून, फोडी करून पाण्यात टाकले. उकडले की नाही कसं कळतं हे मला माहीत नव्हतं. कारखान्यात त्याला घंटा वाजते. बाईंनी सुरी टोचून दाखवली. मग मी ते मिक्सरमध्ये घातले, कारण मऊ हवं तर मिक्सरच, असा माझा शास्त्रीय अंदाज. दूध घातलं, बटण दाबलं आणि मोजून दोन मिनिटं फिरवलं. झाकण उघडलं तर आत लांबच लांब तार सुटणारा एक राखाडी, चकचकीत गोळा. चमचा घातला तर चमचा उभा राहिला. ओढला तर भांडं बरोबर आलं.

बाईंनी वाकून बघितलं. "हे खायचंय की पाकिटं चिकटवायची?"

काय झालं ते मला माहीत होतं. मिक्सरच्या पात्यांनी बटाट्यातला स्टार्च फुटून बाहेर आला होता. कारखान्यात नव्या कामगारांना मीच हे सांगतो, फळ्यावर आकृती काढून. लोका सांगे ब्रह्मज्ञान. काकांनी एक घास तोंडात घेतला आणि बाईंकडे बघून म्हणाले, "ह्याला… पगार देतात?"

पुढच्या रविवारी मी परत गेलो. मिक्सर बायकोच्या सांगण्यावरून सोडून दिला. बटाटे सालीसकट उकडले, म्हणजे पाणी पीत नाहीत. गरम गरमच सोलले, बोटं भाजली, आणि हाताने दाबत कुस्करले. दूध कोमट करून थोडं थोडं घातलं. या वेळी गोळा झाला नाही. पण चव म्हणाल तर भिंतीला लावायच्या चुन्याची.

"बेचव," काका म्हणाले.

तिसऱ्या रविवारी लसूण. अख्खा गड्डा कमी आंचेवर तासभर भाजला, पाकळी दाबली की मऊ, गोडसर गर बाहेर येतो. तो सगळा बटाट्यात मिसळला. मीठ नाही म्हणून लिंबाचे चार थेंब पिळले. आंबटाने जिभेला मिठाची आठवण राहत नाही हे पुस्तकात वाचलं होतं आणि पहिल्यांदाच करून बघत होतो. मिरी बारीक, घशाला टोचू नये अशी. लोणी एक चमचा, बिनमिठाचं. बाईंनी सगळं तोलायला लावलं आणि एका जुन्या वहीत लिहिलं. अर्ध्या डब्याइतक्या मॅशमध्ये सोडियम पन्नासच्या आत. आकडा मी काढला, गुणाकार त्यांनी तपासला. एका ठिकाणी माझा दशांश चुकला होता. त्यावर त्यांनी लाल पेनाने गोल केला.

काकांनी घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. "मागच्या वेळेपेक्षा… कमी बेचव," ते म्हणाले आणि तोंड परत उघडलं. त्या दिवशी त्यांनी ताटली संपवली. मी मोरीत जाऊन उगाच हात धुतले, दोनदा.

दीड महिन्यात सूज उतरली. काका काठी घेऊन दारापर्यंत येऊ लागले. मी दर रविवारी जात राहिलो. बायको म्हणायची, "चला, आपल्या घरात नाही, पण निदान आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या घरी तरी स्वयंपाक करता." मग मी घरीही करू लागलो. तिने माझी एक पॅंट परत आत घेतली, अर्धा इंच. त्यावर मी जरा जास्तच बोललो असावा, कारण ती म्हणाली, "अर्ध्या इंचाचा सत्कार करायचा का?"

हे सगळं झालं, पण झाकण तेच होतं. रोज शेकडो डबे माझ्या तक्त्यासकट बाहेर जात होते. शेवटी मी साहेबांकडे गेलो.

"वाढणी बदलायला हवी," मी म्हणालो. "दोनशे ग्रॅम. आणि डब्यात किती वाढण्या, ते वर मोठ्या अक्षरांत."

"का? कोणी तक्रार केली?"

"एका बाईंनी."

"किती डबे घेतात त्या?"

"आता एकही नाही."

"मग?" साहेब म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली.

मी बाहेर आलो. झाकणाच्या प्रत्येक नव्या छपाईवर माझी सही लागते. पुढची छपाई आली तेव्हा तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवून दिला. हे ऐकायला शूर वाटतं. प्रत्यक्षात त्या चार दिवसांत माझं पोट इतकं बिघडलं की मी जेवढा वेळ टेबलाशी होतो त्याहून जास्त संडासात होतो. तिथेच मी एक भाषण पाठ केलं. त्यात विश्वास होता, आजारी माणसं होती, माझी अकरा वर्षांची सेवा होती, आणि शेवटी 'वेळ पडली तर माझा राजीनामा' असं वाक्य होतं. ते म्हणताना आवाज खाली न्यायचा की वर, यावरच माझे दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "सही का अडलीय?"

मी उभ्यानेच सुरू केलं. विश्वास झाला. आजारी माणसं चालू होती, तेवढ्यात साहेब हात वर करून म्हणाले, "बरं, बदला."

"काय?"

"बदला म्हटलं. नाहीतरी झाकणाचं चित्र नवीन करायचंय, छपाई परत होणारच आहे. एवढं काय त्यात?"

मी तिथेच उभा. राजीनामा तोंडात तसाच. साहेबांनी विचारलं, "आणखी काही?" मी म्हणालो, "नाही, तब्येत कशी आहे तुमची?" ते म्हणाले, "बरी आहे," आणि मी बाहेर आलो.

नवी झाकणं बाजारात गेली. दोनशे छत्तीस कॅलरी, सातशे मिलिग्रॅम सोडियम, डब्यात दोन वाढण्या, सगळं दिसेल अशा अक्षरांत. मी श्वास रोखून बसलो. आता खप पडणार, साहेब मला बोलावणार. तीन महिने गेले. खप होता तसाच राहिला, उलट थंडीत थोडा वाढला. साहेब मला वाटेत भेटून हसत म्हणाले, "बघितलंत? कोणी वाचतच नाही हो! तेव्हा उगाच घाबरलो आपण."

म्हणजे माझ्या अक्कलहुशारीची कधी गरजच नव्हती. तो चषक, ते नाव, ते हस्तांदोलन, सगळं न वाचणाऱ्या लोकांसाठी. न वाचणाऱ्यांना मी फसवलंच नव्हतं, ते कशानेही फसले नसते. फसली ती नीट वाचून, मोजून, विश्वासाने नवऱ्याला भरवणारी एक बाई. हे मी साहेबांना सांगितलं नाही. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक मुलगा जरी फळ्याकडे बघत असला तरी फळा बरोबर लिहावा लागतो."

काका त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं होते. मॅशमध्ये मी पुढे बरेच प्रकार केले. कधी पालक वाटून, कधी भाजलेला कांदा, कधी मऊ शिजवलेलं फ्लॉवर अर्ध्याला अर्धं. काकांचे शेरे बाई वहीत तारखेसकट लिहीत. 'बरा.' 'कांदा नको.' एकदा 'चांगला', आणि त्याखाली बाईंनी रेघ मारलेली. शेवटच्या दोन महिन्यांत तोही घशाखाली जाईना. मी तरी रविवारी जायचो, त्यांच्याजवळ बसायचो. ते मला बसच्या गोष्टी सांगत, मला अर्ध्या समजत.

ते गेल्यावर मी आणि बायको बाईंकडे गेलो. मग पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. सवयीने पिशवीत बटाटे घेतले होते, लसूण घेतला होता. जिन्यात लक्षात आलं की आता हे कोणासाठी. पण पिशवी हातात होती, आणि परत जायला जमेना. दार उघडून बाईंनी पिशवी बघितली.

"आत या," म्हणाल्या. "पण ते नका करू."

"तुमच्यासाठी करतो ना, थोडा. तुम्हाला आवडतो तसा, लिंबू जास्त घालून."

बाई खुर्चीत बसल्या. "मला बटाटा कधीच आवडला नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. घशात चिकटतो."

"पण तुम्ही रोज काकांबरोबर…"

"एकट्याने खायला ह्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, आजाऱ्याचं जेवण वाटतं. म्हणून मी पण तेच घ्यायची. रोज दोनदा."

दोन वर्षं मी त्या घरात सोडियम मोजलं, स्निग्ध पदार्थ मोजले, काकांना घासागणिक चव विचारली, ती वहीत लिहिली गेली. समोर बसून तीच ताटली संपवणाऱ्या बाईंना मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कसं लागतंय.

"मग काय आवडतं तुम्हाला?" मी विचारलं.

बाईंना बराच वेळ आठवावं लागलं. "टोमॅटो," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसता. चकत्या करून. वर मीठ."

मी खाली जाऊन भाजीच्या दुकानातून चार टोमॅटो आणले. चकत्या केल्या, पातळ केल्या, तरी एक जाड झाली. मीठ बाईंनी स्वतः घातलं.